निवटीच्या तोंडातलं पाणी

हे कोणी खरं मानणार नाही, आणि मानावं अशी माझी अपेक्षाही नाही. माझी बायको चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली, पण मी ‘भात शिजला’ म्हणालो तरी ती झाकण काढून बघायची. मगरीच्या पाठीवर बसून मी खाडी ओलांडली ती गोष्ट थोडी वाढवलेली होती, कबूल. मगर लहान होती. पण तिवरखार गाव कसं बुडालं ही गोष्ट मात्र जशी घडली तशीच आहे. त्यात माझ्या पदरचं काहीच नाही.

असं मी वर्गात म्हणालो, तेव्हा तिसरीची एकवीस पोरं माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. आमचं गाव पाण्याखाली गेल्यावर सरकारने आम्हाला या डोंगरावर आणून ठेवलं. इथली ही शाळा. वारा असा की दार सारखं आपटतं, म्हणून त्याला खाली वीट लावलेली. शलाका, माझी नात, इथे बाई आहे. मला आता तिच्याशिवाय कोणी नाही. सकाळी चहा देताना ती म्हणाली होती, “तात्या, अधिवास म्हणजे काय ते पुस्तकात आहे. अधिवास जातो म्हणजे काय, ते तुम्ही सांगा. मगर नको.”

“मगर नाही,” मी म्हणालो.

टेबलावर ओल्या गोणपाटाखाली काहीतरी लांबरुंद झाकून ठेवलेलं होतं.

“ते काय गं?”

“मुलांनी शोधलेला जीवाश्म. म्हणजे अजून व्हायचाय, दहा-वीस हजार वर्षं थांबावं लागेल. तुमची गोष्ट संपली की दाखवू.”

“माझ्यापेक्षा जुना आहे का?”

पोरं हसली. मी सुरू केलं.

तिवरखार हे गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होतं. ऐकायला विचित्र वाटतं ना? आमच्या खापरपणज्यांनी खाडीतली जमीन मातीचा बांध घालून अडवली आणि आत भात पिकवला. बांधाच्या बाहेर खारं पाणी माणसाच्या डोक्याएवढं चढायचं आणि आत आम्ही पेज पीत बसलेलो. आता आत पडलेलं पावसाचं पाणी बाहेर जायला वाट नको? त्यासाठी बांधात एक दार होतं, त्याला म्हणायचं उघाडी. दगडी चौकट आणि तिला वरून बिजागऱ्यांवर टांगलेली सागवानी झडप. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडी बाहेरून रेटते आणि झडप आपोआप चौकटीवर घट्ट बसते. ना विजेचं काम, ना बुद्धीचं. फक्त झडपेत काठी-दगड अडकू नये म्हणून एक माणूस लागतो. तो माणूस मी. दर पावसाळ्याच्या तोंडावर गावदेवीपुढे नारळ ठेवून मी शपथ घ्यायचो की झडप घट्ट बसेल. आमच्या घरात ती शपथ पाच पिढ्यांची.

“आणि तिथे राहायचं कोण? माणसं सोडून?” मी विचारलं.

“निवट्या!” पाच-सहा आवाज आले.

“निवटी कशी असते?”

“मासा असते पण चिखलात चालते,” पुढच्या रांगेतली उर्मी वाघमारे म्हणाली. उर्मीची आई खालच्या खाडीत खेकडे आणि कालवं काढते, त्यामुळे या पोरीला पुस्तकाआधीच निम्मं येतं. “पुढच्या परांवर चालते. डोळे डोक्यावर असतात.”

“आणि पाण्याबाहेर श्वास कशी घेते?”

“कल्ल्यांत पाणी भरून आणते. गाल फुगवून.”

“शाब्बास. आपण प्रवासाला निघताना बाटली घेतो तशी. याला म्हणायचं अनुकूलन. आता दुसरा प्राणी, कालव. निवटी पळते, कालव बसतं. लहानपणी पाण्याबरोबर तरंगत येतं, दगडाला नाहीतर लाकडाला चिकटतं, की मरेपर्यंत तीच जागा. भरती आली की शिंपला उघडतं, ओहोटी लागली की मिटतं. अंगठ्याएवढं व्हायला एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वेळ लागतो. वर जाड गाळ बसला तर गुदमरून मरतं, कारण त्याला उठून जाता येत नाही. बदल आला की कोणी चालायला लागतं आणि कोणी बसून राहतं. आमचं गाव कालवाच्या जातीचं.”

शलाका खिडकीपाशी उभी राहून हसली. तिचं हसणं तिच्या बापावर गेलंय.

मग मी चिखल्याकडे आलो.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. शलाका तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. आमच्या शाळेत घरत बाई होत्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेने त्यांना एक यंत्र दिलं. तुमच्याकडे आता ते टॉर्चएवढं आहे, तेव्हा उसाच्या कांड्यांची मोळी उभी करावी एवढं होतं. मधून एक पोलादी सळई निघायची आणि चिखलात दोन पुरुष खोल जायची. पोरांनी त्याचं नाव ठेवलं चिखल्या.

चिखल्या चिखल वाचायचा. कसा? तुमच्या आईने भाकऱ्या करून टोपलीत ठेवल्या तर पहिली भाकरी कुठे असते? सगळ्यांत खाली. खाडीचा गाळ तसाच, दर वर्षाची एक पातळ भाकरी. त्या भाकरीत त्या वर्षीचे शिंपले, त्या वर्षीच्या फुलांचे परागकण, त्या वर्षीचं मीठ. सळई खाली जाताना प्रत्येक थर चाटत जायची आणि पडद्यावर चित्र उमटायचं. शंभर वर्षांपूर्वी इथे भात. चारशे वर्षांपूर्वी तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान. सहा हजार वर्षांपूर्वी नुसता समुद्र, आणि शाळेच्या मुतारीच्या जागी एक देवमासा मेलेला. त्याचा मणका आम्ही स्वतः खणून काढला. मी त्याच्यावर बसून विडी ओढलीय.

“खरंच?” कोणीतरी विचारलं.

“विडी खरी,” शलाका म्हणाली. “मणका एवढासा होता. माशाचा.”

असो. पण चिखल्याचं खरं काम पुढेच होतं. जो मागचं इतकं नीट वाचतो, त्याला पुढचंही थोडं कळतं. गाळ दर वर्षी किती खचतो, भरती किती चढते, बांधाच्या आतल्या मातीत मीठ किती आहे, खेकड्यांची बिळं किती, हे सगळं मांडून तो उद्याची भाकरी दाखवायचा. परवाची, तेरवाची. पडद्यावर एक खुंटी होती, ती उजवीकडे सरकवायची. पोरांचा तो खेळच झाला. पन्नास वर्षं पुढे सरकवलं की शाळेच्या पटांगणात तिवरं उगवायची आणि दाराच्या उंबऱ्यावर निवटी येऊन बसायची. सगळी टाळ्या वाजवायची.

शलाकाने मात्र भोकाड पसरलं. “पन्नास वर्षांनी मी म्हातारी होईन. मला आत्ता निवटी हवी.”

तिची आई ती तीन वर्षांची असताना गेली होती. बाप, म्हणजे माझा मोरेश्वर, दिवसभर शेतावर. पोर माझ्या अंगावर वाढलेली. मी सगळ्या वर्गासमोर मिशीवर ताव दिला. “पन्नास वर्षं कशाला? मी निवट्यांना बोलावतो. दिवाळीच्या आत तुमच्या शाळेच्या पायरीवर निवटी आली नाही, तर तात्या नाव लावणार नाही.”

“तुमच्या हाकेला आमचं कुत्रं येत नाही, तात्या,” घरत बाई म्हणाल्या.

तर पोरांनो, दिवाळीला चार दिवस असताना निवट्या आल्या. शाळेमागच्या चरात आधी एक, मग सात, मग मोजायच्या पलीकडे. पायरीवर चढून डोळे फिरवत बसायच्या. एकदा तर एक निवटी फळ्यावर चढली आणि तिने बाईंचं शुद्धलेखन पुसलं. शलाकाने आठवडाभर मला ‘माझे तात्या, माझे तात्या’ म्हणत गावात मिरवलं. त्या वर्षी माझ्या तळ्यातले जिताडे मासेसुद्धा हातभर वाढले. वर्षच तसं होतं.

पोरं खूश होती. फक्त उर्मीने हात वर केला. “पण निवटी गोड्या पाण्यात येत नाही.”

“पुढे ऐक ना.”

निवट्या राहिल्या, आणि चिखल्याचं काहीतरी बिनसायला लागलं. दिवाळीच्या पाडव्याला बाईंनी सळई टाकली तेव्हा तो म्हणाला, बांधाच्या आतलं मीठ वाढतंय. पटांगणात तिवरं यायला पन्नास नाही, अकरा वर्षं. होळीला म्हणाला, तीन. नंतर बाईंनी खुंटी थोडी सरकवायला घेतली आणि तिला सरकायला जागाच राहिली नाही. येत्या पावसाळ्याचीच भाकरी काळी-करडी दिसत होती, आणि त्या थरात आमच्या मंदिराची घंटा होती. बाकं होती. चपला होत्या. शलाकाने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “बाई, यात कोणाची चप्पल आहे?” बाईंनी पडदा बंद केला.

त्यांनी गाव गोळा केलं. देवळात सभा बसली. बाई म्हणाल्या, “खारं पाणी कुठून तरी आत येतंय. बांध खालून भुसभुशीत होतोय. श्रावण अमावास्येच्या उधाणाला तो जाईल, असं यंत्र सांगतंय. जड सामान हलवा, म्हातारी माणसं पाठवा.”

सरपंच माझ्याकडे वळला. “तात्या, पाणी आत यायला एकच वाट. तुमची उघाडी. झडप घट्ट आहे ना?”

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मोरेश्वर बघत होता. शलाका माझ्या मांडीवर बसलेली.

मी म्हणालो, “घट्ट आहे.”

“देवीपुढे सांगता?”

“देवीपुढे सांगतो.”

झालं. झडप घट्ट असेल तर मीठ येणार कुठून? कुठूनच नाही. म्हणजे यंत्र खोटं बोलतंय. कोणी म्हणालं, पुण्याच्या माणसाला खाडी काय कळते. कोणी म्हणालं, जमिनी रिकाम्या करायचा हा कोणाचा तरी डाव असणार. आठ दिवसांनी टेम्पो आला आणि चिखल्याला घेऊन गेला. आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाच्या एका शब्दावर गावाने यंत्राला खोटं ठरवलं. मजा आहे की नाही?

कोणी हसलं नाही. मीच खाकरलो.

“मग मीठ आलं कुठून?” मी म्हणालो. “तीच तर कोणी न मानण्यासारखी गोष्ट. सरकारची चौकशी झाली, मोठमोठे इंजिनिअर आले, कोणाला सापडलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘उधाण बांधावरून आत आले.’ पण मला ठाऊक आहे. मीठ निवट्यांनी आणलं. उर्मी, तूच सांगितलंस ना, निवटी तोंडात पाणी भरून चालते? एका निवटीच्या तोंडात चमचाभर पाणी. रात्रंदिवस लाखो निवट्या बांध चढायच्या, आत यायच्या, गुळण्या टाकायच्या आणि परत भरायला जायच्या. वर्षभर. का? कारण ती जमीन मुळात त्यांची होती. आमच्या खापरपणज्यांनी हिसकावलेली. त्या परत मागत होत्या.”

आता पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. ही गोष्ट मी चौदा वर्षांत पुष्कळदा सांगितली आहे. या ठिकाणी डोळे नेहमी असेच मोठे होतात.

मग श्रावण अमावास्या आली. भरती दुपारी साडेबाराची. सकाळपासून पाऊस आणि पश्चिमेचा वारा. अकराला बांधाच्या आतल्या अंगाला पाणी पाझरताना दिसलं आणि देवळाची घंटा वाजली. आमच्याकडे बांधाला भगदाड पडतं त्याला म्हणतात खांड. खांड पडली की घरटी एक माणूस आणि एक पेंढ्याची जुडी, ही रीत. खांड बुजेपर्यंत गावात चूल पेटत नाही. माणसं धावली. आमच्या घरचा माणूस मोरेश्वर.

जाताना त्याने मला उघाडीपाशी विचारलं, “बाबा, कुठे उभं राहू?”

बांधावर पक्की जागा एकच असते, उघाडीच्या दगडी चौकटीला लागून. झडप घट्ट असली तर तिथली माती कधी हलत नाही. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक.

“झडप घट्ट आहे ना?” त्याने पुन्हा विचारलं. मस्करीत विचारल्यासारखं. पण विचारलं.

“घट्ट आहे,” मी म्हणालो. “चौकटीपाशी उभा राहा.”

तो तिथे उभा राहिला. त्याच्यामागे आणखी सहा जण.

पाणी वरून आलंच नाही. आधी जमीन बसली, चुलीवरचं दूध खाली बसतं तशी. मग चौकट, झडप, माणसं, सगळं एकदम खाली गेलं आणि त्यावर खाडी आली. अर्ध्या तासात तिथे पाच हात गाळ. आजतागायत तो उपसला गेला नाही. माझ्या मोरेश्वरची फक्त टोपी मिळाली.

मी शलाकाला खांद्यावर घेऊन डोंगराकडे चालत सुटलो. ती मागे तोंड करून होती. तिने सगळं पाहिलं. मी नाही पाहिलं.

वर्गात दाराखालच्या विटेवर दार कुरकुरत होतं. शलाका खिडकीपाशीच होती, पण बाहेर बघत होती.

“तर असा हा अधिवास गेला,” मी म्हणालो. “आता दाखव बाई तुझा जीवाश्म, नाहीतर पोरं रडतील.”

ती डोळे पुसून हसली. “तात्या, ही भेट आहे तुमच्यासाठी. मागच्या आठवड्यात आम्ही ओहोटीला होडीतून तिवरखारला गेलो होतो. जिथे उघाडी होती तिथे मुलांनी यंत्राने गाळ तपासला. पाच हातांवर लाकूड लागलं. मच्छिमारांनी काढायला मदत केली. हवाच लागली नाही ना, त्यामुळे काल गाडल्यासारखं आहे.”

तिने गोणपाट ओढलं.

झडप होती. माझीच. बिजागऱ्या गंजून गेलेल्या, पण वरच्या कडेला माझ्या आज्याने कोरलेलं स्वस्तिक तसंच. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

“चिखल्याच्या पुढच्या पिढीने तुमची झडप शोधली,” शलाका म्हणाली. “आता शाळेत लावणार आपण. खाली लिहिणार, ‘पाच पिढ्या ही घट्ट बसली.’”

पोरं भोवती जमली. कोणी वास घेतला, कोणी खिळे मोजले. उर्मी सगळ्यांत शेवटी आली. तिने झडपेच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, मग नखाने खरवडलं.

“तात्या, ही बाजू आतली ना? चौकटीला टेकते ती?”

“हो.”

“मग हिच्या कडेला कालवं कशी?”

“खाडीतलं लाकूड. कालवं असणारच.”

“बाहेरच्या बाजूला असणार. ही कड रोज चौकटीवर बसत असेल, तर कालवाचं पिल्लू चिरडेल. ही बघा, अंगठ्याएवढी आहेत. माझ्या अंगठ्याएवढी नाही, तुमच्या.”

“बुडाल्यावर लागली असतील,” मी म्हणालो.

“बुडाल्यावर तर लगेच गाळात गेली. तुम्हीच सांगितलं. गाळात कालव गुदमरतं, तेही तुम्हीच सांगितलं.” ती भांडत नव्हती. गणित सोडवताना करते तशी कपाळाला आठी घालून बघत होती. “आणि सगळीकडे आहेत, फक्त इथे नाहीत. एवढ्या चौकोनात.”

शलाका जवळ आली. तिने वाकून बघितलं. पांढऱ्या शिंपल्यांच्या ओळीत मध्येच मोकळं, काळं लाकूड, चारी बाजूंनी सरळ कापल्यासारखं. तिने त्यावर तळहात ठेवला. तळहातापेक्षा ते थोडं लांब होतं.

“उर्मी, जागेवर बस बाळा,” मी म्हणालो. “गोष्ट संपली.”

ती जागेवर गेली नाही. ती दाराकडे गेली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी वीट उचलली. वाऱ्याने दार धाडकन चौकटीवर बसलं आणि वर्गात एकदम अंधारलं. ती वीट पोटाशी धरून आली, टाचा उंच करून तिने ती झडपेवरच्या मोकळ्या चौकोनात ठेवली. वीट बसली. कुठे बोटभरही जागा उरली नाही.

शलाका माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी खांद्यावरून मागे बघत होती तशी.

“निवट्यांनी पाणी नाही आणलं, तात्या,” उर्मी म्हणाली. “हे तुम्ही खोटं सांगताय. इथे वीट होती.”